मास्कने नेमकं काय साधलं?

‘मावशी, खरं सांग, त्या मास्कचा काही उपयोग झाला का गं?’ माझ्या भाच्याने मध्यंतरी फोनवर विचारलं. तो बंगळूरला नोकरी करतो. त्याच्या ऑफिसात म्हणे दोन तट आहेत. एकाच्या मते मास्क म्हणजे निव्वळ नाटक होतं, दुसऱ्याच्या मते मास्क नसता तर आपल्यापैकी कोणीच उरलं नसतं. इथे इंदूरला आमच्या शेजारच्या काकूंनी तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारला: ‘अगं, कपाटात अख्खी पेटी पडली आहे मास्कची. ठेवू की टाकू?’ आणि वर्गातल्या एका मुलीने तर थेट मुद्द्यालाच हात घातला: ‘मॅडम, पुन्हा साथ आली तर परत तेच सगळं करायचं का?’

मी कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, म्हणून हे प्रश्न माझ्याकडे येतात. मी डॉक्टर नाही. पण या विषयावर जे प्रयोग झाले, ते समजून घेणं आणि मुलांना समजावणं हा माझा रोजचाच उद्योग आहे. आपल्या मंडळाच्या अंकासाठी लिहायला बसले तेव्हा वाटलं, तुम्हा तरुण मंडळींसाठी हे एकदा नीट मांडावं. कारण पुढची साथ येईल तेव्हा घरातले निर्णय तुम्ही घेणार आहात.

पहिली गोष्ट म्हणजे, ‘मास्कचा उपयोग होतो का’ हा एक प्रश्न नाही. त्यात तीन प्रश्न दडलेले आहेत. मी मास्क घातला तर मी वाचते का? मी मास्क घातला तर समोरचा वाचतो का? आणि सगळ्या गावाला मास्क घालायला सांगितलं तर गावातली साथ कमी होते का? या तिघांची उत्तरं वेगवेगळी आहेत. भांडणं होतात ती बहुतेक तिघांची सरमिसळ केल्यामुळे.

जंतू एकच, वाटा दोन

आपल्या मराठी घरांत प्लेगच्या आठवणी पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेल्या आहेत. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, पुढे पुण्यात पसरला. घरं सोडून माणसं गावाबाहेर झोपड्यांत राहायला गेली. सावित्रीबाई फुले १८९७ मध्ये प्लेगच्या रुग्णांची सेवा करतानाच गेल्या. त्या प्लेगमध्ये काखेत किंवा जांघेत गाठ यायची. तो उंदरांवरच्या पिसवांमधून माणसात येतो हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये कराचीत दाखवून दिलं. पिसू चावून येणाऱ्या आजाराला तोंडावरच्या फडक्याचा काय उपयोग?

आता १९१० च्या हिवाळ्यात चीनच्या ईशान्येला, मांचुरियात चला. हार्बिन शहरात माणसं पटापट मरत होती. तिथे वू लिएन-तेह नावाचा एकतीस वर्षांचा डॉक्टर पाठवला गेला. पेनांगमध्ये जन्मलेला, केंब्रिजमध्ये शिकलेला. त्याने शवविच्छेदन केलं आणि सांगितलं की हाही प्लेगच आहे, पण फुप्फुसाचा. तो उंदराकडून नाही, तर माणसाच्या खोकल्यातून दुसऱ्या माणसात जातो आहे. म्हणून त्याने जाळीदार सुती कापडाच्या थरांत कापूस घालून साधा मास्क तयार करवला आणि डॉक्टर, नर्स, शववाहक सगळ्यांना बांधायला लावला.

मेनी नावाचे एक ज्येष्ठ फ्रेंच डॉक्टर तिथे आले होते. त्यांना हे पटलं नाही. ते मास्क न बांधता रुग्णांना तपासायला गेले आणि थोड्याच दिवसांत, जानेवारी १९११ मध्ये, त्याच प्लेगने गेले. त्या साथीत सुमारे ६० हजार माणसं मेली, पण वसंत येईपर्यंत ती आटोक्यात आली. यश एकट्या मास्कचं नव्हतं. रेल्वेची वाहतूक रोखली गेली, संशयितांना वेगळं ठेवलं गेलं, प्रेतांचं सामूहिक दहन झालं. मास्क त्या सगळ्यातला एक भाग होता.

यातून मिळणारा धडा साधा आहे. दोन्ही ठिकाणी जंतू तोच होता. एका ठिकाणी मास्क निरुपयोगी, दुसऱ्या ठिकाणी प्राण वाचवणारा. म्हणून नवी साथ आली की ‘मास्क घालू का’ याच्या आधी विचारायचा प्रश्न असा: हा रोग कोणत्या वाटेने येतो? पाण्यातून येणाऱ्या कॉलऱ्याला पाणी उकळायचं, डासाच्या डेंग्यूला साचलेलं पाणी उपसायचं. श्वासातून येणाऱ्या रोगाला मास्क आणि उघड्या खिडक्या.

१९१८ चं गोंधळाचं उत्तर

१९१८ च्या इन्फ्लुएन्झाने मुंबई बंदरातून भारतात प्रवेश केला आणि देशात एक कोटीहून जास्त बळी घेतले. तिकडे अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को शहराने ऑक्टोबर १९१८ मध्ये सार्वजनिक जागी मास्क सक्तीचा केला. न घालणाऱ्याला दंड. १९१९ च्या जानेवारीत पुन्हा सक्ती आली तेव्हा तिथे ‘अँटी-मास्क लीग’ म्हणजे मास्कविरोधी संघटनाच उभी राहिली. म्हणजे भाच्याच्या ऑफिसातलं भांडण शंभर वर्षं जुनं आहे!

नंतर कॅलिफोर्नियाच्या आरोग्य खात्यातल्या डॉ. केलॉग यांनी त्या मास्कवर प्रयोग केले आणि १९२० मध्ये निष्कर्ष छापले. जाळीदार कापडाचे थर कमी असले तर जंतू पार होतात. थर वाढवले तर श्वास घेणं जड जातं, आणि मग हवा कापडातून न जाता कडेच्या फटीतून आत-बाहेर करते. हे एक वाक्य लक्षात ठेवा: कडेची फट. पुढच्या शंभर वर्षांतल्या बहुतेक सगळ्या वादाचं मूळ तिथे आहे.

चाळणी नव्हे, कोळ्याचं जाळं

‘विषाणू इतका बारीक, तो कापडाच्या भोकातून सहज जाईल’ हा युक्तिवाद तुम्ही व्हॉट्सॲपवर शंभरदा वाचला असेल. ऐकायला बिनतोड वाटतो. कोरोनाचा विषाणू साधारण ०.१ मायक्रॉनचा, म्हणजे एका मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढा आहे हेही खरं. पण मास्क पिठाच्या चाळणीसारखा काम करत नाही.

विषाणू हवेत सुटा फिरत नाही. तो आपल्या लाळेच्या आणि श्वासाच्या लहान-मोठ्या तुषारांत बसून प्रवास करतो. मोठे तुषार सरळ वेगाने जातात आणि धाग्यावर आदळतात. अगदी बारीक कण हवेच्या रेणूंचे धक्के खात वेडेवाकडे भरकटतात आणि कुठल्या ना कुठल्या धाग्याला चिकटतात. गाळायला सगळ्यात अवघड असतो तो मधला, ०.३ मायक्रॉनच्या आसपासचा कण. म्हणूनच एन-९५ मास्कची परीक्षा त्याच मापावर होते. त्यातले किमान ९५ टक्के कण अडले पाहिजेत, म्हणून नाव एन-९५.

या मास्कच्या धाग्यांवर कायमचा स्थिर विद्युतभार दिलेला असतो. केसांवर घासलेली कंगवी कागदाचे कपटे ओढते, तसे हे धागे कण ओढून घेतात. म्हणून तर दाट नसूनही तो चांगला गाळतो. आणि म्हणूनच तो साबणाने धुवायचा नसतो. धुतला की भार जातो, आणि मागे राहतो तो नुसता आकार. आमच्या गल्लीत २०२१ मध्ये दोरीवर कपड्यांबरोबर वाळत घातलेले एन-९५ मी स्वतः पाहिले आहेत.

कापडी मास्क मोठे तुषार अडवतो, बारीक कणांपुढे कमी पडतो. सर्जिकल मास्कचं कापड बरंच चांगलं गाळतं, पण गालाशी तो सैल राहतो. चष्मा लावणाऱ्यांना ही फट चांगली ठाऊक आहे. काचेवर वाफ जमते ती त्याच फटीतून आलेली असते. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०२१ च्या सुरुवातीला पुतळ्यांवर एक प्रयोग जाहीर केला. सर्जिकल मास्कच्या दोऱ्यांना कडेशी गाठ मारून आणि बाजूची घडी आत दुमडून तो घट्ट बसवला, आणि दोन्ही पुतळ्यांना तसाच मास्क लावला, तेव्हा एकाच्या तोंडातून निघालेल्या कणांपैकी दुसऱ्यापर्यंत पोचणारे कण सुमारे ९५ टक्क्यांनी कमी झाले. कापड तेच होतं. फक्त फट बुजवली होती.

मग खऱ्या माणसांत काय झालं?

पुतळा चहा प्यायला मास्क काढत नाही. नाक खाजवत नाही. घरी आल्यावर मास्क खिळ्याला अडकवून नातवाला मांडीवर घेत नाही. म्हणून प्रयोगशाळेतलं उत्तर पुरेसं नसतं, खऱ्या माणसांवर चाचणी करावी लागते.

डेन्मार्कमध्ये २०२० च्या एप्रिल-मे महिन्यांत सुमारे सहा हजार माणसांचे दोन गट केले. एका गटाला सर्जिकल मास्क देऊन घराबाहेर घालायला सांगितलं, दुसऱ्याला नाही. महिन्याभरात मास्कच्या गटात १.८ टक्के आणि दुसऱ्या गटात २.१ टक्के लोकांना लागण झाली. हा फरक योगायोगानेही पडू शकतो एवढा लहान आहे. विरोधकांनी लगेच गुढी उभारली. पण बारकाईने पाहा: मास्क सांगितल्याप्रमाणे पाळल्याचं त्या गटातल्या निम्म्याहून कमी लोकांनी सांगितलं. आसपासच्या समाजात कोणी मास्क घालत नव्हतं. आणि या चाचणीने फक्त पहिला प्रश्न विचारला होता, ‘मी घातला तर मी वाचते का?’ समोरच्याचं काय, हे त्यात तपासलंच नव्हतं.

तिसरा प्रश्न विचारला तो बांगलादेशात. नोव्हेंबर २०२० ते एप्रिल २०२१ या काळात ६०० गावांतल्या सुमारे साडेतीन लाख प्रौढांवर. अर्ध्या गावांत मास्क फुकट वाटले, ते कसे घालायचे हे दाखवलं, मशिदीत आणि बाजारात आठवण करून दिली. त्या गावांत मास्क घालणाऱ्यांचं प्रमाण १३ टक्क्यांवरून ४२ टक्क्यांवर गेलं. लक्षणं असलेली आणि रक्ततपासणीने पक्की झालेली लागण सुमारे ९ टक्क्यांनी घटली. सर्जिकल मास्क वाटलेल्या गावांत घट थोडी जास्त, ११ टक्क्यांच्या आसपास. आणि त्याच गावांत साठीच्या पुढच्या लोकांमध्ये ती सुमारे ३५ टक्के होती. कापडी मास्कच्या गावांत मात्र स्पष्ट फरक सिद्ध झाला नाही.

९ टक्के म्हणजे थोडं की फार? हे लक्षात घ्या की त्या गावांतही निम्म्याहून जास्त लोक मास्कविनाच होते. आणि साथीच्या दिवसांत सगळ्यात जास्त जीव जातात ते साठीच्या पुढचेच.

नॉर्वेत २०२३ च्या सुरुवातीला साडेचार हजारांवर लोकांची चाचणी झाली. दोन आठवडे सर्जिकल मास्क घातलेल्या गटात सर्दी-खोकल्यासारखी लक्षणं ८.९ टक्के लोकांनी सांगितली, न घातलेल्या गटात १२.२ टक्के लोकांनी. फरक छोटा, पण दिसण्याजोगा.

याच २०२३ च्या जानेवारीत कॉक्रेन या नामांकित संस्थेने अनेक चाचण्यांचा एकत्रित आढावा काढला. ‘मास्कचा उपयोग नाही हे सिद्ध झालं’ अशा बातम्या जगभर झळकल्या. मार्चमध्ये त्यांच्याच मुख्य संपादिकेला खुलासा करावा लागला की असा अर्थ काढणं चूक आहे. लोकांना मास्क घालायला प्रवृत्त केल्याने साथ कमी होते का, याचा या चाचण्यांतून नक्की निष्कर्ष निघत नाही, एवढंच आढावा सांगतो. ‘सिद्ध झालं नाही’ आणि ‘नाही हे सिद्ध झालं’ या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. परीक्षेत माझ्या मुलांचे मार्क इथेच जातात.

आमच्या घरातले ते बारा दिवस

एप्रिल २०२१. शहरात ऑक्सिजनसाठी धावाधाव चाललेली. आमच्याकडे ह्यांना ताप आला आणि तपासणी पॉझिटिव्ह निघाली. घरात माझे वडील, तेव्हा ७८ वर्षांचे, बरीच वर्षं दम्यासारख्या फुप्फुसाच्या विकाराने बेजार. त्यांना लागण झाली तर पुढे काय, हे आम्ही दोघांनीही एकमेकांना बोलून दाखवलं नाही.

दोन खोल्या आणि एक स्वयंपाकघर. ह्यांना आतल्या खोलीत ठेवलं, खिडकी रात्रंदिवस उघडी, न्हाणीघरातला एक्झॉस्ट पंखा चालू. खोलीत जाताना मी एन-९५ आणि दार उघडताना ह्यांच्या तोंडावरही मास्क. बाबा मात्र ऐकेनात. ‘घरातल्या घरात कसलं मुसकं बांधता मला?’ शेवटी म्हटलं, ‘बाबा, तुम्ही निदान मी ताट घेऊन येईन तेवढा वेळ बांधा. आत जाऊन येते ती मी आहे, तुम्हाला धोका माझ्याकडूनच आहे.’ ते पटलं त्यांना. पुढचे बारा दिवस माझी चाहूल लागली की ते आधी मास्क चढवत आणि मग ‘ये’ म्हणत.

बाबांना लागण झाली नाही. पण ते मास्कमुळेच वाचले असं मी म्हणणार नाही. खिडकीमुळे वाचले असतील, मार्चमध्ये घेतलेल्या लशीच्या पहिल्या डोसामुळे वाचले असतील, किंवा नशिबाने. दोन घरं सोडून राहणाऱ्या कुटुंबाने आमच्याइतकीच काळजी घेतली होती, आणि त्यांच्या आजी गेल्या. एका घराच्या अनुभवावरून नियम निघत नाही, ना आमच्या, ना त्यांच्या. म्हणून तर हजारो माणसांच्या चाचण्या लागतात. एवढं मात्र खरं की त्या दिवसांत हाताशी असलेलं प्रत्येक साधन थोडं थोडं काम करत होतं, आणि एकही सोडून द्यायची आमची हिंमत नव्हती.

सल्ला का बदलला?

मुलं मला विचारतात, आधी सरकारं म्हणाली सामान्य माणसाला मास्क नको, मग म्हणाली सक्तीने घाला. मग विश्वास कोणावर ठेवायचा? प्रश्न रास्त आहे.

सुरुवातीला जगभर मास्कचा तुटवडा होता, डॉक्टर-नर्सना पुरत नव्हते. लक्षणं दिसण्याआधीच माणूस रोग पसरवतो हे हळूहळू कळलं. आणि हा रोग फक्त मोठ्या तुषारांतून नव्हे, तर हवेत तरंगणाऱ्या बारीक कणांतूनही पसरतो हे मान्य व्हायला फार वेळ गेला. एप्रिल २०२० च्या सुरुवातीला आपल्या आरोग्य मंत्रालयाने घरगुती मास्क वापरायला सांगितलं, त्याच आठवड्यात मुंबई महापालिकेने मास्क सक्तीचा केला. जागतिक आरोग्य संघटनेने सल्ला बदलला तो ५ जून २०२० ला. माहिती वाढली की सल्ला बदलतो, त्यात गैर काही नाही. गैर हे झालं की ‘आमच्याकडे पुरेसे मास्क नाहीत’ हे सरळ सांगण्याऐवजी ‘तुम्हाला गरज नाही’ असं काही ठिकाणी सांगितलं गेलं. लोकांच्या मनात अढी बसली ती तिथे.

सक्तीची किंमतही होती, तीही सांगायला हवी. ओठांच्या हालचालीवरून बोलणं समजून घेणाऱ्या कर्णबधिर माणसांची फार पंचाईत झाली. बालवाडीतल्या मुलांना बाईंचा चेहरा दिसेना. आणि मोकळ्या मैदानात एकटं फिरणाऱ्याकडून दंड वसूल करण्यात आरोग्याचा काय लाभ होता, हे मला आजही कळलेलं नाही.

मग आता काय करायचं?

आता तीन प्रश्नांची माझी तीन उत्तरं.

मी घातला तर मी वाचते का? चांगला, घट्ट बसणारा मास्क असेल आणि गर्दीच्या बंद जागेत पूर्ण वेळ घातला असेल, तर धोका कमी होतो. शून्य होत नाही. सैल कापडी मास्कवर फारशी भिस्त ठेवू नका.

समोरचा वाचतो का? तुम्ही आजारी असाल तर हा मास्कचा सगळ्यात मोठा उपयोग आहे. आपण माळव्यातले लोक जैन साधू-साध्वींच्या मुखावरची मुहपत्ती लहानपणापासून पाहत आलो आहोत. ती त्यांच्या स्वतःच्या रक्षणासाठी नसते, आपल्या तोंडून सूक्ष्म जिवांना इजा होऊ नये म्हणून असते. आपल्याही आज्या नैवेद्याच्या ताटावर फुंकर घालू देत नसत. कल्पना जुनीच आहे. फक्त व्हॉल्व असलेला मास्क यासाठी घेऊ नका. त्यातून तुमचा उच्छ्वास न गाळता बाहेर जातो.

गावातली साथ कमी होते का? थोडी होते, लोकांनी मनापासून घातला तर. एकट्या मास्कने साथ थांबत नाही. लस, मोकळी हवा, आजारी असताना घरी थांबणं, हे सगळं मिळून काम करतं.

काकूंना मी सांगितलं, पेटी ठेवा. रबर सैल झालेले मास्क तेवढे काढून टाका. सर्दी-खोकला असताना दवाखान्यात जाल तेव्हा एक घाला, घरात आजारी माणसाची शुश्रूषा करताना घाला.

आणि तुम्हा मंडळींना एक विनंती. मंडळाच्या कार्यक्रमात कोणी मास्क घालून बसलं असेल तर ‘अजून कोरोना संपला नाही वाटतं तुमचा?’ असं हसू नका. आपल्यातच किडनी बदललेले आहेत, केमोथेरपी चालू असलेले आहेत, माझ्या बाबांसारखे श्वासाला जपणारे आहेत. त्यांच्यासाठी साधी सर्दीही साधी नसते. त्यांना विचारायचंच असेल तर एवढं विचारा, ‘खिडकी उघडू का?’